पावसाळी टपालविमान आणि मुळशीचीं खोरीं

रिहे (तालुका मुळशी) ह्या गांवाचें नांव प्रस्तुत लेखांत येतें तें तेथें एखादें विमान पडलें म्हणून नव्हे. नकाशावर जुहू व येरवडा ह्यांमध्यें रेघ ओढिली तर ती रिह्याच्या उत्तरेस पडते. जुहूहून बेळ्ळारीस ओढिलेली दक्षिणेस पडते. ह्या दोन रेघांच्या चिमट्यांत सांपडलेला डोंगरी मुलूख हा आमचा विषय आहे.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीहून टपाल अहमदाबादमार्गें जुहूस आणिलें व पुढें नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं तें बेळ्ळारीवरून मद्रासेस पोंचविलें, ही हकीगत सर्वश्रुत आहे. विमान पस् मॉथ जातीचें व एकाच इंजिनाचें; बिनतारी यंत्र त्यांत नव्हतें. परंतु ह्या सर्वश्रुत हकीगतींतून पावसाळा मात्र गळतो. पावसांत जुहूचें मैदान चिखलानें निरुपयोगी होई. तेव्हां दोन विमानें, तीन वैमानिक व तीन कारागीर असा सारा संसार पुण्यास हाले आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या छायेंतील मैदानावरून टपाल चाले, असें टाटांनींच पुढें सांगितलें आहे. उत्तरकालीन आठवण ही अस्सल कागदाच्या तोलाची नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि येथें सांगणारा स्वतः त्या तिघां वैमानिकांपैकीं एक आहे. ह्याचा अर्थ असा कीं, अहमदाबादेकडून येणाऱ्या विमानास ऐन पावसांत सह्याद्रि ओलांडणें भाग पडे.

इंजिन बंद पडलें म्हणजे विमान दगडासारखें कोसळतें, हा लोकसमज खोटा आहे. हलकें विमान नाक किंचित् खालीं धरून तरंगत येतें व एक फूट उंची खर्चून सुमारें आठ-नऊ फूट पुढें सरकतें. पस् मॉथमध्यें तर चाकांच्या दांड्यांवरील आवरण वाऱ्यास आडवें फिरवून वेग मोडण्याचीही सोय होती. म्हणून अशा प्रसंगीं प्रश्न इंजिनाचा कमी व खालच्या जमिनीचा अधिक असतो. आतां हिशेब पाहावा. समुद्रसपाटीस लाविलेला उंचीमापक ३,००० फूट दाखवीत असला, तरी मुळशीच्या खोऱ्यांची जमीनच सुमारें १,९०० फूट वर आलेली असते. हातीं उरतात अकराशें फूट, म्हणजे जेमतेम पावणेदोन मैल. तेवढ्यांत वैमानिकानें जागा हेरावयाची, वारा ओळखावयाचा व उतरावयाचें. भोंवतीं डोंगरांच्या धारा, त्यांवर टेकलेले ढग आणि तळाशीं पाण्यानें भरलेलीं भातखाचरें! बांधावर चाक आदळलें किंवा चिखलांत रुतलें कीं विमान नाकावर उलटावयाचें. देशावरील बाजरीचें सपाट रान येथें नाहीं. खोऱ्याच्या तळची रुंद भातजमीन टाटांच्याच धरणाखालीं गेली, जिच्यासाठीं १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला होता. आकाशांतून सपाट दिसावें तें तेथील पाणीच.

इंजिन अडण्यास कारण मोठें लागतें असेंही नाहीं. १९३० सालीं आगाखान पारितोषिकाच्या चढाओढींत अस्पी इंजिनीअर हे मिसर देशांत अबूकिर येथें स्पार्क प्लगांवांचून अडकून पडले होते. उलट दिशेनें, कराचीहून, निघालेल्या प्रतिस्पर्धी टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यांस दिले आणि पारितोषिक अस्पींनीं जिंकिलें! तेथें निदान पायांखालीं विमानतळ होता.

पहिल्या वर्षीं टपाल शंभर टक्के वेळेवर पोंचलें, अशी प्रशस्ति सरकारी अहवालांत आहे. ती खरी आहे. पण वेळेवर पोंचण्याच्या कौतुकांत घाटावरील तीं मिनिटें झांकून गेलीं, असें आमचें मत आहे. यंत्रें सुधारलीं तरी जमीन तीच आहे. ता. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून एकटीच उडालेल्या शिकाऊ वैमानिकेस इंजिनाची शक्ति घटल्यामुळें इंदापूर तालुक्यांत कडबनवाडी येथें शेतांत उतरावें लागलें. ती बचावली, कारण खालीं देशावरचें शेत होतें. ता. २४ ऑगस्ट २०२४ रोजीं मुंबईहून हैदराबादेकडे निघालेलें हेलिकॉप्टर पौडनजीक कोंढावळें येथें भर पावसांत पडलें. त्यांतील चौघेही वांचले. हेलिकॉप्टरची गोष्ट निराळी, हें आम्ही जाणतों. परंतु ऋतु तोच आणि खोरींही तींच.

आमची संग्राहकांस विनंति एवढीच आहे. हवाई टपालाचे लिफाफे जमविणारे बहुधा १५ ऑक्टोबरच्या शिक्क्यामागें लागतात. त्यांनीं १९३३ पासूनच्या आषाढ-श्रावणांतील लिफाफे काढून त्यांवर पुण्याचा शिक्का आहे काय व त्याची वेळ कोणती, हें पाहावें. ज्यांच्या घरीं पौड, घोटवडें, रिहे ह्या बाजूच्या पाटील-कुळकर्ण्यांचीं दप्तरें आहेत, त्यांनीं त्याच वर्षांचे पावसाळी रिपोर्ट चाळावेत. शिक्क्यावरची वेळ व दप्तरांतली एखादी ओळ जुळली, तर येरवड्याच्या आठवणीस कागदाचा आधार मिळेल.