भोंगा आणि पाळणाघर

आपल्यापैकी बहुतेक घरांत नवरा-बायको दोघेही कामावर जातात आणि लहानग्यांना सकाळी डे केअरमध्ये सोडतात. नाव घालताना जे ढीगभर कागद भरावे लागतात, त्यांत एक इमर्जन्सी कार्ड असते. अडीअडचणीला फोन कोणाला करायचा, आपण पोचू शकलो नाही तर मूल कोणाच्या हवाली करायचे, औषध कोणते, ॲलर्जी कसली. घाईघाईत आपण ते भरतो आणि विसरून जातो. पण या साध्या कार्डामागे मोठा इतिहास आहे. त्यात एका राष्ट्राध्यक्षांची पत्नी आहे, न्यूयॉर्कचा मेयर आहे आणि आपले भोपाळही आहे. शिवाय प्रत्येक काउंटीच्या कचेरीत बसणारा एक माणूस आहे, ज्याचे नाव आपल्याला सहसा ठाऊक नसते. त्याला इमर्जन्सी मॅनेजर म्हणतात.

सुरुवात १९४१ सालापासून करू. युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती, पण लंडनवर पडलेले बॉम्ब सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिले होते. मे १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरी संरक्षणाचे एक खाते काढले आणि त्याचे प्रमुख म्हणून न्यूयॉर्कचे मेयर ला गार्डिया यांना नेमले. मेयरपद सांभाळून त्यांनी हे काम करायचे होते. त्यांचा सारा भर भोंगे, आगीचे बंब, शिरस्त्राणे आणि स्वयंसेवकांची पथके यांवर होता. त्याच वर्षी शरद ऋतूत एलिनॉर रूझवेल्ट या खात्यात सहायक प्रमुख म्हणून आल्या. त्यांचे म्हणणे निराळे होते. बाया-बापड्या कारखान्यांत कामाला जाणार, तर त्यांची मुले कोण सांभाळणार? पाळणाघरे, मुलांचे खाणेपिणे, आरोग्य हेही संरक्षणच आहे, असे त्या मांडत होत्या.

हा वाद फार काळ चालला नाही. मुलांच्या व्यायामाच्या कार्यक्रमासाठी बाईंच्या ओळखीतल्या एका नर्तकीची नेमणूक झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी आणि काँग्रेसने गदारोळ केला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये एलिनॉरबाईंनी राजीनामा दिला. त्याच सुमारास ला गार्डियाही बाहेर पडले. पाळणाघरे पुढे निघालीच, कारण कारखान्यांना बायकांची गरज होती. लॅनहॅम कायद्याखाली केंद्र सरकारने गावोगावी पैसे दिले आणि युद्धाच्या काळात साडेपाच-सहा लाख मुले या पाळणाघरांत राहून गेली. पण हे काम बांधकामाच्या सरकारी यंत्रणेकडे गेले, नागरी संरक्षणाकडे नाही. १९४६ साली पैसाही बंद झाला. भोंगा एका खात्यात आणि पाळणा दुसऱ्या खात्यात, ही फारकत तेव्हापासूनची. पुढची साठ-सत्तर वर्षे ती टिकली.

१९५० चा नागरी संरक्षण कायदा अणुबॉम्बच्या भीतीतून आला. त्यात मुख्य जबाबदारी राज्यांवर आणि स्थानिक सरकारांवर टाकली होती. प्रत्येक काउंटीत एक सिव्हिल डिफेन्स डायरेक्टर नेमला गेला. पुष्कळ ठिकाणी हा गृहस्थ अर्धवेळ काम करणारा असे आणि बऱ्याचदा फौजेतून निवृत्त झालेला असे. शाळांमध्ये मुले बाकाखाली लपण्याची कवायत करू लागली. शाळा ही सरकारी इमारत, तिचे प्रिन्सिपल ठाऊक, तिच्या बसेस तयार, म्हणून ती नकाशावर होती. पाळणाघर मात्र कोणाच्या घरात, कोणा चर्चच्या तळघरात. त्याचे लायसन्स राज्याच्या कल्याण खात्याकडे. डायरेक्टरसाहेबांच्या यादीत त्याचा पत्ताच नसे.

मार्च १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. ३० मार्चला गव्हर्नरांनी सल्ला दिला की पाच मैलांच्या आतील गरोदर बायका आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी निघून जावे. म्हणजे धोका सर्वांत जास्त कोणाला, हे सरकारने स्वतःच्या तोंडाने सांगितले. योगायोग असा की अवघ्या दोन दिवसांनी, १ एप्रिल १९७९ रोजी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विखुरलेली खाती एकत्र करून काढलेली फीमा ही संस्था सुरू झाली. तरीही २००२ साली त्याच पेनसिल्व्हेनियातील नागरिकांना अणुऊर्जा नियामक आयोगाकडे अर्ज करावा लागला, की पाळणाघरांना आणि नर्सरींना स्थलांतराच्या योजनेत नेमके स्थान द्या. आहेत ते नियम पुरेसे आहेत असे म्हणून आयोगाने २००५ मध्ये तो फेटाळला.

मधल्या काळात भोपाळ घडले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो वायू सुटला, त्याचे घाव आपल्या देशाने सोसले आणि अजून सोसतो आहे. तेच रसायन कंपनी वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावीही बनवत होती. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथल्या कारखान्यातून दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती होऊन शंभरावर माणसांना उपचार घ्यावे लागले. मग मात्र अमेरिकेला जाग आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कायदा झाला, की कारखान्यांनी कोणती घातक रसायने साठवली आहेत हे जाहीर करावे आणि जिल्ह्या-जिल्ह्यात स्थानिक आणीबाणी नियोजन समित्या नेमाव्यात. त्यांत निवडून आलेले प्रतिनिधी, पोलीस, अग्निशमन दल, हॉस्पिटल, वर्तमानपत्रे, कारखानदार आणि सामान्य नागरिकांच्या संस्था, सर्वांना जागा असावी. आज आपल्या काउंटीत अशी समिती असेल, तर तिच्या जन्माला भोपाळची माणसे कारण आहेत, हे आपण तरी विसरू नये. धोक्याच्या टापूत येणाऱ्या जागांची यादी करा असेही हा कायदा सांगतो. त्यात उदाहरण म्हणून हॉस्पिटलचे नाव आहे. पाळणाघराचे नाही.

याच काळात इमर्जन्सी मॅनेजर हा खराखुरा पेशा बनू लागला. १९८३ साली नॉर्थ टेक्सास विद्यापीठात या विषयाची पदवी सुरू झाली. १९९३ मध्ये फीमाच्या प्रमुखपदी जेम्स ली विट आले. आर्कान्सातील एका लहान काउंटीचा कारभार आणि नंतर राज्याचे आणीबाणी खाते त्यांनी सांभाळले होते. या कामाचा आधीचा अनुभव असलेला माणूस त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ.

१९ एप्रिल १९९५ रोजी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी ओक्लाहोमा सिटीतील सरकारी इमारतीसमोर बॉम्ब फुटला. १६८ माणसे गेली, त्यांत १९ मुले. दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर होते आणि त्यातली १५ मुले दगावली. पुढे ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पाच नंबरच्या इमारतीतही एक पाळणाघर होते. तिथल्या शिक्षिकांनी सर्व मुलांना सुखरूप बाहेर काढले. पण फोन लागत नव्हते, गाड्या बंद होत्या, आणि आपले मूल कुठे आहे हे आईबापांना कळायला मार्ग नव्हता. मूल वाचवणे हे अर्धे काम, ते आईच्या हातात परत देणे हे उरलेले अर्धे, हा धडा त्या दिवशी मिळाला.

२००५ साल तर आपण सर्वांनी दोन्हीकडून अनुभवले. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कितीतरी मुले त्या रात्री शाळेतच राहिली आणि इथे आपण फोनला चिकटून बसलो. महिनाभराने, २९ ऑगस्टला, कट्रीना वादळ आले. कट्रीना आणि पाठोपाठच्या रीटा वादळात ५,१९२ मुले हरवल्याची किंवा घरच्यांपासून ताटातूट झाल्याची नोंद झाली. शेवटचे मूल आपल्या माणसांपर्यंत पोचायला मार्च २००६ उजाडला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, सहा महिन्यांहून अधिक! एका बसमध्ये आई आणि दुसऱ्या बसमध्ये मूल, बसेस वेगवेगळ्या राज्यांत, आणि ज्याला बोलता येत नाही त्याने नाव सांगायचे कसे?

त्यानंतर मात्र चक्रे फिरली. मुले आणि आपत्ती या विषयावर एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि त्याने ऑक्टोबर २०१० मध्ये अहवाल दिला. २०१३ साली सँडी वादळानंतरच्या कायद्याने आपद्ग्रस्त कुटुंबाला पाळणाघराच्या खर्चासाठी मदत मिळण्याची सोय केली. १९ नोव्हेंबर २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने प्रत्येक राज्याला पाळणाघरांसाठी आपत्ती योजना करणे बंधनकारक केले. इमारत रिकामी करणे, दुसऱ्या ठरलेल्या जागी जाणे, आतच थांबणे, दारे बंद करून घेणे, मुलांना आईबापांकडे परत पोचवणे, तान्ही मुले आणि अपंग किंवा आजारी मुले यांची वेगळी तजवीज करणे, आणि या सगळ्याची कवायत घेणे, हे सारे त्यात आले. एलिनॉरबाईंनी पद सोडले त्याला तोवर बहात्तर वर्षे उलटून गेली होती.

कायदा झाला तरी काम हातांनीच करावे लागते. चार तान्ह्या बाळांना एकटी बाई उचलून नेऊ शकत नाही, म्हणून चाकांचा मजबूत पाळणा लागतो. पाळणाघराकडे बस नसते, तेव्हा ती कोठून येणार हे आधी ठरवावे लागते. दूध, डायपर, औषधे, मुलांचे फोटो आणि कार्डे असलेली पिशवी दाराशी तयार असावी लागते. हे सर्व जमवायला काउंटीचा इमर्जन्सी मॅनेजर आणि पाळणाघराची संचालिका यांनी एकमेकांना नावाने ओळखायला हवे. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जसे सर्वांचे डोळे कलेक्टरकडे लागले, तसा एकच कर्ताधर्ता इथे नाही. इथे पहिली जबाबदारी गावाची, मग काउंटीची, मग राज्याची, आणि राज्याला झेपले नाही तर गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांकडे मागणी करतात. म्हणून गावपातळीवरच्या माणसाला फार महत्त्व.

मंडळींना दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कार्डावर आजी-आजोबांचे नाव द्यायचे असेल, तर ते पासपोर्टवर आहे तसेच लिहा. आईचे आडनाव मुलाच्या आडनावाहून वेगळे असेल तर तसे नमूद करा. आजी भारतात परत गेल्या असतील तर नाव काढून दुसरे घाला. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर द्या, कारण गावातले फोन बंद पडले तरी बाहेरचा लागण्याची शक्यता असते. डे केअरच्या बाईंना विचारा, की इथून निघावे लागले तर मुलांना कुठे नेणार? उत्तर लगेच आले तर समाधान माना. आले नाही तर काउंटीच्या कचेरीत फोन करा. नियोजन समितीच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात आणि तिथे आपल्यापैकी फार थोडे जातात. भोपाळच्या नावाने सुरू झालेल्या त्या टेबलापाशी आपली एक खुर्ची असायला काय हरकत आहे?