ओनाम्यापासून गुरुकुलापर्यंत : महाराष्ट्रातील जैन शिक्षणपरंपरेचा मागोवा

एखाद्या कार्याचा प्रारंभ झाला की मराठी माणूस 'ओनामा झाला' असे सहज म्हणून जातो. या शब्दाचे मूळ 'ॐ नमः सिद्धम्' या नमनात आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. गावोगावच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर पहिले अक्षर गिरवी, ते सिद्धांना वंदन करूनच. ही प्रथा केवळ जैनांचीच होती असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु सिद्धवंदनेने विद्यारंभ करण्याची रीत आणि जैन पाठशाळांत प्रिय असलेले कातंत्र व्याकरण यांचा संबंध विद्वानांनी दाखवून दिलेला आहे. त्या व्याकरणाचा आरंभही 'सिद्ध' याच शब्दाने होतो. सर्व जातींच्या मुलांच्या मुखी गेलेले हे नमन कोणत्या परंपरेतून आले, याचा विचार आपल्या समाजाने क्वचितच केला.

शिक्षणाचा प्रारंभ घरातून होतो, हा विचार आपल्याकडे पुराणाइतका जुना आहे. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या दोन कन्यांना स्वतः विद्यादान करतात. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवून मगच ते पुत्रांच्या शिक्षणाकडे वळतात. विद्यावती स्त्रीस स्त्रीसृष्टीत अग्रस्थान प्राप्त होते, अशा आशयाचे वचनही तेथे आहे. ही कथा आपण दरवर्षी प्रवचनातून ऐकतो. तथापि ज्या परंपरेत पहिले विद्यार्थी म्हणून दोन मुलींची नावे घेतली जातात, त्याच परंपरेतील घरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलींच्या हाती पाटी नव्हती, ही विसंगती नजरेआड करून इतिहास लिहिता येणार नाही.

त्या काळी आपल्या घरांतून मुलांना काय शिकवले जात होते? णमोकार मंत्र, चोवीस तीर्थंकरांची नावे, काही स्तोत्रे, व्रतकथा. आजीच्या मांडीवर हे शिक्षण मिळे. व्यापारी घरातील मुलगा हिशेब व वहीखाते दुकानाच्या गादीवर बसून शिकत असे, तर शेतकरी घरातील मुलगा बहुधा काहीच शिकत नसे. दक्षिण महाराष्ट्रातील बहुसंख्य जैन हे शेतकरी आहेत, ही गोष्ट मुंबई-गुजरातकडील बांधवांना आजही नवल वाटावी अशी आहे. शास्त्राध्ययन उपाध्यायांच्या घराण्यांत आणि भट्टारकांच्या मठांत होई. विदर्भातील कारंजा येथे तर सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन भट्टारकपीठे नांदली व तेथे मोठा हस्तलिखितसंग्रह जमला. परंतु ग्रंथ जपणे निराळे आणि ग्रंथ शिकवणे निराळे. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला-जयधवलादी सिद्धांतग्रंथांची ताडपत्रे शतकानुशतके होती. भाविकांना त्यांचे दर्शन घडे, अध्ययन घडत नसे.

ही कोंडी फोडण्यासाठी ज्यांनी प्रथम हालचाल केली, त्यांत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी ही दोन नावे अग्रभागी आहेत. मूडबिद्रीच्या ताडपत्रांच्या प्रती करून घेण्याच्या उद्योगामागे या दोघांची तळमळ होती. धर्मग्रंथ छापणे हेच पाप, असे मानणारा मोठा वर्ग त्या वेळी समाजात होता. अशा वातावरणात हिराचंद नेमचंद यांनी सोलापुरातून 'जैन बोधक' हे नियतकालिक सुरू केले व ग्रंथप्रकाशनाचा पुरस्कार केला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. सोळा खंडांचे ते काम पूर्ण व्हायला सुमारे वीस वर्षे लागली.

शेठ माणिकचंद यांचे दुसरे कार्य वसतिगृहांचे. मुंबईत त्यांनी वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग स्थापन केले आणि अन्य गावच्या बोर्डिंगांनाही उदार हस्ते साहाय्य दिले. खेड्यातील मुलाला शहरात शिकायचे तर राहण्या-जेवण्याची सोय हवी, आणि त्यातही रात्रिभोजनत्याग, कंदमूळत्याग, गाळलेले पाणी हे आचार सांभाळणारी हवी. आईबाप मुलाला दूर पाठवीत नसत, ते शिक्षणाच्या द्वेषाने नव्हे, तर आचार सुटेल या भीतीने. बोर्डिंगने त्या भीतीलाच उत्तर दिले. इंग्रजी शिक्षण सरकारी शाळेत, संस्कार मात्र आपल्या छताखाली, अशी ही तडजोड होती. एका पिढीत शेतकऱ्यांच्या घरांतून वकील, शिक्षक व अधिकारी निर्माण झाले, यावरून ती शहाणपणाची होती असेच म्हटले पाहिजे.

आपल्या भागात ही चळवळ रुजवली ती १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने. हीच पुढे दक्षिण भारत जैन सभा झाली. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात जातवार वसतिगृहांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली, त्यांत दिगंबर जैन बोर्डिंग अगदी आरंभीच्या काळातील. सभेचे एक धुरीण अण्णासाहेब लठ्ठे (१८७८-१९५०) हे या बोर्डिंगच्या व्यवस्थेशी निकट संबंधित होते. हेच लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. त्यांनी शाहू महाराजांचे चरित्रही लिहिले.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोजच्या पाटील घराण्यातील एक विद्यार्थी राहत होता. २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला हा भाऊराव पायगोंडा पाटील अभ्यासात सामान्य, खेळात तरबेज आणि स्वभावाने बंडखोर. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करूनच पंक्तीस बसावे, असा आग्रह धरण्यात आला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिस्त मोडल्याबद्दल त्यांना घालवणारे होते स्वतः लठ्ठे.

लठ्ठे हे काही कर्मठ गृहस्थ नव्हते. सत्यशोधक विचारांशी त्यांची जवळीक होती, बहुजनांच्या शिक्षणाचे ते कैवारी होते. मग असे का घडले? प्रस्तुत लेखकास वाटते की, समाजाच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या चालकाला वर्गणीदारांच्या भीतीतून सहसा सुटता येत नाही. ज्या आईबापांनी आचाराच्या हमीवर मुले पाठवली, त्यांना लठ्ठे काय उत्तर देणार होते? चालकाची ही अडचण खरी होती आणि विद्यार्थ्याचा प्रश्नही खरा होता. अहिंसेचा पाठ देणाऱ्या छताखाली माणसाच्या स्पर्शाचा विटाळ कसा, हा तो प्रश्न.

या कथेचा उत्तरार्ध अधिक उदात्त आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्यात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना अटक झाली, छळ झाला. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्याविरुद्ध एक वाक्य बोलले असते तर सुटका होती. भाऊराव बोलले नाहीत. सत्य अणुव्रताचे याहून चांगले उदाहरण निदान आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात तरी शोधावे लागेल.

पुढे काही काळ नांगर विकत गावोगाव हिंडताना त्यांनी खेड्यांचे अज्ञान जवळून पाहिले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. कर्मवीर ९ मे १९५९ रोजी निवर्तले. त्यांच्या संस्थेला 'जैन संस्था' म्हणता येत नाही, आणि म्हणू नये. पण काटकसर, स्वावलंबन, परिग्रहाची मर्यादा हे ज्या घरात ते शिकले ते घर जैन होते, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

बोर्डिंगची तडजोड दुसऱ्या एका तरुणालाही अपुरी वाटली, पण अगदी उलट कारणाने. करमाळ्याचे देवचंद कस्तुरचंद शहा (जन्म १८९१) यांना वाटे की, दिवसभर परकी विद्या आणि संध्याकाळी तासभर धर्मपाठ एवढ्याने माणूस घडत नाही. जयपूरचे अर्जुनलाल सेठी यांनी धर्म व देशभक्ती यांची सांगड घालणारे विद्यालय चालवले होते, तेथे सोलापूरकडील काही तरुण गेले. त्यांपैकी मोतीचंद शहा यांना निमेज प्रकरणात १९१५ मध्ये फाशी झाली. त्या पिढीच्या मनात धर्मशिक्षण ही निवृत्त माणसाची करमणूक नव्हती. देवचंदजींनी १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळील बाहुबली येथे आश्रमाची स्थापना केली. पुढे मुनिदीक्षा घेतलेले हेच प.पू. समंतभद्र महाराज. पहाटेची प्रार्थना, व्यायाम, श्रम, पूजन आणि त्याबरोबरच शासनमान्य अभ्यासक्रम अशी त्यांच्या गुरुकुलांची घडी होती. स्तवनिधी, वेरूळ अशा अनेक ठिकाणी ती पसरली. १९८८ मध्ये महाराजांची समाधी झाली. कुंभोज या एकाच गावाशी भाऊराव आणि समंतभद्र या दोघांचीही नावे जोडलेली असावीत, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो.

मुलींची कथा मात्र उशिरा सुरू होते. शेठ माणिकचंद यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. पित्याने तिला कोपऱ्यात बसू दिले नाही. पंडित घरी आणून संस्कृत व धर्मशास्त्र शिकवले. गृहशिक्षणाचे याहून मोठे फळ दुसरे नसेल, कारण घरी शिकलेल्या या मुलीने मुंबईत श्राविकाश्रम उभे केले. हिराचंद नेमचंद यांची कन्या कंकुबाई तिच्या सहकारी. पुढे सोलापूरच्या श्राविकाश्रमाचे कार्य पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा यांनी विस्तारले. आरंभी येथे येणाऱ्या बहुतेकजणी विधवा व परित्यक्ता होत्या. समाजाने सुखवस्तू घरातील मुलीला आधी शिकवले नाही, जिचा आधार तुटला तिला आधी शिकवले. ब्राह्मी-सुंदरीचा वारसा असा आडवाटेने परत आला.

स्थानकवासी बांधवांनी निराळी वाट चोखाळली. चांदवडच्या नेमिनाथ ब्रह्मचर्याश्रमाचा उल्लेख येथे करावयास हवा. आचार्य आनंदऋषिजींच्या प्रेरणेने पाथर्डी येथे १९३६ मध्ये धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. साधुसाध्वींबरोबर गृहस्थ स्त्रीपुरुषही त्याच्या परीक्षांना बसू लागले. शाळेचा उंबरा न ओलांडता, संसार सांभाळून, घरी बसून शास्त्र शिकण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

अलीकडे कायद्यानेही या प्रश्नात प्रवेश केला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना सूट मिळाली. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन २०१४ च्या त्या निर्णयानुसार अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या शाळेवर राहत नाही. आपल्या संस्थांच्या विश्वस्तांपुढे तो दर्जा घ्यावा की नाही, आणि घेतल्यास त्या जागांचे काय करावे, हा विषय येतो तेव्हा १९०८ च्या कोल्हापुरातील त्या पंक्तीचा प्रश्नच नव्या भाषेत पुढे आलेला असतो. काही संस्थांनी दर्जा घेऊनही सर्वांसाठी दारे उघडी ठेवली आहेत, काहींनी ठेवलेली नाहीत.