खेळाडूंच्या देवघेवीचा न्याय

अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात खेळाडूंच्या देवघेवीला जे महत्त्व आहे, त्याची कल्पना क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांस एकाएकी येणे कठीण आहे. तेथील संघ धनिकांच्या मालकीचे असतात, आणि एक संघ आपला खेळाडू दुसऱ्यास देऊन त्याच्या मोबदल्यात त्याचा खेळाडू घेतो. १८७९ पासून सुमारे शतकभर तर करारातील एका कलमाने खेळाडू आपल्या संघाशी जखडलेलाच असे. मालकाने सोडल्यावाचून त्यास अन्यत्र जाण्याची मुभा नसे. अशा देवघेवी आजवर असंख्य झाल्या, आणि महत्त्वाच्या प्रत्येक देवघेवीनंतर एकच वाद माजत आला: फसले कोण? हा वाद वरकरणी करमणुकीचा दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटी इतिहासशास्त्रातील एक जुना प्रश्न दडलेला आहे. गतकाळातील निर्णयाचा न्याय करताना आपण तो निर्णय तपासतो, की नुसते त्याचे फळ मोजतो? सेंट लुई येथील कार्डिनल्स संघाचा मुख्य कारभारी बिंग डिव्हाइन याच्या तीन देवघेवी या दृष्टीने फार बोधप्रद आहेत.

पहिली १५ जून १९६४ ची. डिव्हाइनने त्या दिवशी एर्नी ब्रॉग्लिओ हा आपला पिचर, म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागी असणारा खेळाडू, शिकागोच्या कब्ज संघास दिला आणि लू ब्रॉक नावाचा चोवीस वर्षांचा तरुण घेतला. सोबत दोन्हीकडून दोन-दोन लहान मोहरे होते. ब्रॉग्लिओने आदल्याच वर्षी १८ सामने जिंकले होते. ब्रॉकला त्या हंगामात दर हजार प्रयत्नांत अवघे २५१ यशस्वी फटके साधत होते. शिकागोने बाजी मारली, असाच तेव्हा पुष्कळ जाणत्यांचा अभिप्राय पडला. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण त्यांस ठाऊक असती तर त्यांनी ती खचित वापरली असती. पण डिव्हाइनला पळताच हवा होता! स्टॅन म्युझियल हा थोर खेळाडू १९६३ अखेर निवृत्त झाल्याने मैदानाची डावी बाजू मोकळी पडली होती, आणि तेथे चपळ माणसाची गरज होती.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ब्रॉकचे प्रमाण उरलेल्या हंगामात ३४८ वर चढले. तरीही संघ बराच काळ मागेच रेंगाळला, आणि ऑगस्टमध्ये मालक ऑगस्ट बुश याने डिव्हाइनला कामावरून दूर केले. मग फिलाडेल्फियाचा संघ अखेरच्या पंधरवड्यात कोसळला, कार्डिनल्सनी एका सामन्याच्या फरकाने लीग जिंकली आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या यँकीज संघास चारास तीन अशा सामन्यांनी नमवून जागतिक अजिंक्यपद मिळविले. ‘स्पोर्टिंग न्यूज’ या पत्राने त्या वर्षीचा सर्वोत्तम कारभारी म्हणून गौरव केला तो घरी बसविलेल्या डिव्हाइनचाच! जूनमध्ये अविचारी, ऑगस्टमध्ये नालायक आणि वर्षअखेर द्रष्टा, असे तीन निकाल एकाच माणसाविषयी सहा महिन्यांत लागले. निर्णय तोच होता. बदलली ती केवळ तारीख.

यात आणखी एक भेद करावयास हवा. ब्रॉग्लिओच्या कोपरावर त्याच वर्षी नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली, आणि शिकागोसाठी तो एकंदर सातच सामने जिंकून १९ हरला. ब्रॉकने मात्र पुढे ३,०२३ फटके व ९३८ ‘चोरलेले’ तळ असा विक्रम रचला. यावरून ही देवघेव एकतर्फी फसवणुकीचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु ब्रॉग्लिओचा हात शाबूत राहिला असता, तरी सेंट लुईचा लाभ तिळभर कमी झाला नसता. एकाचा तोटा हे दुसऱ्याच्या नफ्याचे माप नव्हे; दोन्ही खाती निरनिराळीच तपासली पाहिजेत.

दोन्ही खाती एकदमच लाभाची निघू शकतात, हे डेट्रॉइटच्या उदाहरणावरून दिसेल. १२ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटच्या टायगर्स संघाने छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर हा पिचर अटलांटाकडून घेतला व जॉन स्मोल्ट्झ हा विशीतला होतकरू पोरगा दिला. अलेक्झांडरने त्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. आणि डेट्रॉइटने आपल्या विभागात पहिले स्थान पटकावले ते अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने. पुढील फेरीत संघ हरला व अलेक्झांडरही दोन्ही वेळा निष्प्रभ ठरला. दोन वर्षांत तो निवृत्तही झाला. स्मोल्ट्झ मात्र अटलांटासाठी वीस वर्षे खेळून कीर्तिमंदिरात जाऊन बसला. सामान्य बदली खेळाडूपेक्षा कोणी किती विजय अधिक मिळवून दिले, हे मोजणारे अलीकडचे संख्याशास्त्र येथे डेट्रॉइटला दिवाळखोर ठरवील. पण डेट्रॉइटने त्या दिवशी वीस वर्षांची ठेव मागितलीच नव्हती. त्यास सात आठवड्यांची निकड होती, आणि ती भागली. अलेक्झांडर नसता तर ते दोन सामन्यांचे अंतर टिकले असते असे कोण म्हणेल? त्यानंतर डेट्रॉइटला अंतिम फेऱ्यांचे दार थेट २००६ मध्ये उघडले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एका शरदाचे मोल कळते.

आता डिव्हाइनची दुसरी देवघेव. १९६७ च्या अखेरीस तो सेंट लुईत परत आला होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये त्याने स्टीव्ह कार्लटन फिलाडेल्फियास देऊन रिक वाइज घेतला. त्याच वर्षी कार्लटनने २७ सामने जिंकले, आणि तेही सबंध हंगामात ५९ च सामने जिंकणाऱ्या संघासाठी! म्हणून ही देवघेव मूर्खपणाची पराकाष्ठा मानली जाते. वस्तुतः त्या दिवशीचा हिशेब मांडला तर कार्लटनच्या नावे ७७ विजय होते व वाइजच्या नावे ७५. पारख चुकली असे म्हणण्यास फारशी जागा नाही. दोष होता तो हेतूत. पगाराच्या थोड्याशा रकमेवरून बुश रागावला आणि त्या रागाखातर खेळाडू घालवावा लागला. संघास काय हवे, हा प्रश्नच त्या दिवशी कोणी विचारला नाही. फळ गोड आले असते, तरी हा निर्णय वाईटच ठरला असता.

तिसरी देवघेव या सर्वांहून निराळी आहे. डिव्हाइनने १९५७ मध्ये कारभार हाती घेताच जी पहिली देवघेव केली, तीत कर्ट फ्लड हा कृष्णवर्णीय तरुण सेंट लुईस आला. बारा हंगाम तो तेथे खेळला; १९६४ च्या विजयात ब्रॉकच्या शेजारी मैदान राखणारा तोच. ऑक्टोबर १९६९ मध्ये डिव्हाइननेच त्यास इतर तिघांसह फिलाडेल्फियास देऊन टाकले. फ्लडने जाण्याचे नाकारले. आपल्या इच्छेची पर्वा न करता खरेदी-विक्री करावी अशी आपण वस्तू नव्हे, अशा आशयाचे पत्र त्याने २४ डिसेंबर रोजी बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांस धाडले आणि दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७२ मध्ये पाचास तीन अशा मतांनी तो हरला. वर्षास ९०,००० डॉलर मिळविणाऱ्या या खेळाडूचा धंदाही बुडाला. १९७१ मधील थोडे सामने वगळता तो पुन्हा खेळला नाही. पण त्याने लावलेला सुरुंग फुटल्यावाचून राहिला नाही. दहा वर्षे खेळलेल्या, आणि त्यांपैकी अखेरची पाच एकाच संघात घालविलेल्या खेळाडूस देवघेव नाकारण्याचा अधिकार १९७३ मध्ये मिळाला. १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने ते जखडणारे कलमच ढिले पडले. बारा वर्षे सेंट लुईत काढलेल्या फ्लडला तो अधिकार सहज लाभला असता. तो आला तेव्हा त्याचा खेळ संपला होता.

कोणत्या संघास किती विजय लाभले, या हिशेबात फ्लडची देवघेव चार ओळींत आटोपते. बेसबॉलच्या इतिहासात मात्र तिच्याएवढी दूरगामी देवघेव क्वचितच झाली असेल. म्हणून अशा व्यवहाराचा निवाडा करू इच्छिणाऱ्याने क्रम उलटा लावावा. त्या दिवशी काय ठाऊक होते, कशाची गरज होती, देवघेव झालीच नसती तर काय झाले असते, हे आधी विचारावे. फळाची मोजदाद त्यानंतर करावी. आणि ही मोजदाद पुरी झाल्यावरही एक रकाना मोकळा ठेवावा: ज्याची देवघेव झाली, त्यास कोणी विचारले होते काय? शंभर वर्षे या खेळाच्या वह्यांत तो रकानाच नव्हता. तो आखून घेण्याची किंमत फ्लडने मोजली. आणि कोणत्याही देवघेवीच्या यशापयशाचा हिशेब तो भरल्याखेरीज पुरा होत नाही.