पंचाच्या निवाड्याची फेरतपासणी

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी मनास १६६४ सालची शिवाजीमहाराजांची स्वारी प्रथम आठवते. परंतु कंपनी सरकारच्या अमदानीत मुंबई इलाख्याची सदर दिवाणी अदालत काही काळ याच शहरी होती, आणि खालच्या अदालतीच्या निवाड्याने असंतुष्ट झालेला पक्षकार आपली कैफियत घेऊन तापीकाठी दाद मागू शकत असे, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या स्मरणात असेल. निवाडा तपासणारा कोणी वरिष्ठ असावा, हे तत्त्व दिवाणी व्यवहारात असे रुजले, तरी क्रीडांगणावर पंचाचा शब्द अखेरचा मानण्याची रूढी त्यानंतरही दीड शतकाहून अधिक काळ अबाधित राहिली.

या रूढीवर पहिला आक्षेप आला तो पक्षपाताच्या संशयाचा. १९८६ साली लाहोर येथे पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या कसोटीस व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे भारतीय पंच उभे राहिले, तेव्हा त्या संशयाचे निराकरण झाले. मात्र निःपक्षपाती नेत्रांनाही मर्यादा असतेच. ती मर्यादा ओळखून नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत पंच सिरिल मिचली यांनी धावचीतचा निर्णय दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपविला, आणि तिसऱ्या पंचाने बाद ठरविलेला पहिला फलंदाज म्हणून मुंबईच्या सचिन तेंडुलकरची इतिहासात नोंद झाली. तोवर विचारणा करण्याचा अधिकार पंचाचाच होता. २००८ साली कोलंबोच्या भारत-श्रीलंका कसोटीत तो प्रयोगादाखल प्रथमच खेळाडूंनाही मिळाला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ‘बिग टेन’ या संघसमूहाने चित्रण पाहून निर्णय तपासण्याची योजना २००४ सालीच आरंभिली होती. तेथे प्रेक्षागाराच्या वरच्या कक्षात बसलेला पंच प्रत्येक डाव न्याहाळतो, शंका आल्यास खेळ थांबवितो, आणि चित्रणात निर्विवाद पुरावा आढळला तरच मैदानावरील निर्णय फिरवितो. एरवी मूळ निर्णय कायम राहतो. क्रिकेटमध्येही पायचीतच्या दादेत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीस लागेल असे संगणकाने दर्शविल्यास मैदानावरील पंचाचाच कौल टिकतो. यंत्राचे साहाय्य घ्यावे, परंतु स्पष्ट प्रमाणावाचून मनुष्याचा निवाडा रद्द करू नये, हा विवेक दोन्ही खेळांनी राखला, यातच या पद्धतीचे खरे मोठेपण आहे.

भारताने दीर्घकाळ विरोध करून अखेर २०१६ साली इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत, राजकोटपासून, ही पद्धत पत्करली. रणजी करंडकात ती २०१९-२० च्या उपांत्य सामन्यांत आली, तीही चेंडूचा मार्ग दाखविणाऱ्या आणि बॅटीचा सूक्ष्म स्पर्श टिपणाऱ्या यंत्रांवाचून. त्याच हंगामात, १ डिसेंबर २०१९ रोजी, सुरतेच्या लालाभाई काँट्रॅक्टर मैदानावर सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने तामिळनाडूचा अवघ्या एका धावेने पराभव केला. जेथे संपूर्ण हंगामाचे फळ एका धावेवर अवलंबून असते, तेथे एका चुकीच्या निवाड्याची किंमत किती, हे निराळे सांगावयास नको. म्हणून क्रिकेटच्या कारभाऱ्यांना आग्रहपूर्वक विनंती आहे की, फेरतपासणीचा हक्क प्रसिद्ध सामन्यांपुरता न ठेवता, ज्याचे भवितव्य देशांतर्गत स्पर्धांत ठरते त्या होतकरू खेळाडूसही तो मिळावा.