श्वासावाटे इन्सुलिन

टोरोंटोच्या जनरल हॉस्पिटलात जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले, आणि ज्या मधुमेही बालकांना तोवर अर्धपोटी पथ्याखेरीज दुसरा आधार नव्हता त्यांना आयुष्य लाभले. परंतु त्या वरदानाबरोबर सुई आली ती जन्माची झाली. इन्सुलिन हे प्रथिन. पोटात घेतले तर अन्नाबरोबर तेही पचून जाते. तेव्हा सुई टाळावयाची तर रक्तापर्यंत दुसरी वाट शोधणे प्राप्त होते.

फुफ्फुसाकडे लक्ष गेले ते फार लवकर. १९२५ मध्येच गेन्सलेन या जर्मन वैद्याने मोजक्या रुग्णांना श्वासावाटे इन्सुलिन देऊन रक्तातील साखर उतरते असे दाखविले होते. वायुकोशांचे अस्तर अतिशय पातळ आणि त्याचा एकूण विस्तार सत्तर चौरस मीटरांच्याही वर. तेथून औषध रक्तात उतरणे अगदी स्वाभाविक. अडचण होती ती कणाची. पाच मायक्रॉनांहून मोठा कण बहुधा घशातच अडकतो, फार सूक्ष्म कण उच्छ्वासाबरोबर माघारी येतो, आणि मधल्या मापाचा तेवढाच मुक्कामी पोहोचतो. असे बेताचे कण घडवून औषध बाजारात येण्यास ऐंशी वर्षे गेली.

जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने फायझर कंपनीच्या ‘एक्झुबेरा’ला परवाना दिला. त्याचे उपकरण उघडले म्हणजे फूटभर लांब होई. त्यात भुकटीची पुडी सरकवून कळ दाबली की पारदर्शक नळकांड्यात पांढरा ढग उठे आणि तो एका संथ श्वासात ओढून घ्यावयाचा. चारचौघांत जेवावयास बसताना हा खटाटोप करण्यापेक्षा सुई बरी, असे रुग्णांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु मला त्याहून गंभीर दोष दिसतो तो मात्रेचा. एक मिलिग्रॅमची पुडी सुमारे तीन युनिटांची, तीन मिलिग्रॅमची सुमारे आठांची. शिवाय लहान तीन पुड्या घेतल्यास मोठ्या एका पुडीपेक्षा अधिक इन्सुलिन रक्तात जाई. ज्या हिशेबावर मधुमेह्याचे जीवित अवलंबून, तोच असा निसरडा असावा, हे साधे उणे नव्हे. ऑक्टोबर २००७ मध्ये २.८ अब्ज डॉलरांवर पाणी सोडून कंपनीने ते औषध मागे घेतले, आणि पुढच्या काही महिन्यांत नोव्हो नॉर्डिस्क व लिली यांनीही आपापल्या तजविजी गुंडाळल्या.

आल्फ्रेड मान या वृद्ध उद्योजकाने मात्र स्वतःची अफाट संपत्ती ओतून हा नाद सोडला नाही, आणि औषध-प्रशासनाकडून अर्ज परत आल्यावरही चिकाटी धरून जून २०१४ मध्ये ‘अफ्रेझा’ला मंजुरी मिळविली. याचे उपकरण मुठीत मावते. चार, आठ वा बारा युनिटांची कुपी आत बसवावयाची, मग भुकटी सांडू नये म्हणून ते आडवे धरावयाचे, आणि एक खोल श्वास. येथे कुळकथेला वळण मिळते. आजच्या बारीक सुया फारशा दुखत नाहीत, म्हणून वेदना टळणे हा लाभ लहान. मोठा लाभ वेगाचा. त्वचेखाली टोचलेले शीघ्र इन्सुलिनही चार-पाच तास रेंगाळते, जेवणातील साखर ओसरल्यावरही आपले काम करीत राहते, आणि रक्तातील साखर फार उतरून रुग्णाला घाम फुटून हातपाय कापू लागतात. ही भुकटी पाऊण तासाच्या आत जोर धरते आणि दोन-तीन तासांत निवते.

उणिवा मात्र खऱ्या आहेत. चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना खोकला येतो. दमा वा जुनाट श्वसनरोग असणाऱ्यांच्या श्वासनलिका एकाएकी आवळू शकतात, म्हणून त्यांना हे औषध वर्ज्य. धूम्रपान करणाऱ्यांनाही देऊ नये अशी सूचना आहे. श्वासाची ताकद किंचित उतरते, यास्तव आरंभी, सहा महिन्यांनी आणि पुढे दरसाल फुंकून करावयाची स्पायरोमेट्री तपासणी आवश्यक ठरविली आहे. चार-चार युनिटांची पायरी बारीक हिशेब ठेवणाऱ्यांना ओबडधोबड वाटते. आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याची दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनाची सुई सुटत नाही ती नाहीच.

डिसेंबर २०२४ मध्ये भारताच्या औषध-नियामकांनी सिप्ला कंपनीस हे औषध आणण्याची परवानगी दिली. क्षयाने अथवा चुलीच्या धुराने छाती शिणलेली माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. त्यांच्या बाबतीत स्पायरोमेट्रीची अट कागदोपत्री उरकून चालणार नाही, आणि जेथे ती तपासणी होऊ शकत नाही तेथे डॉक्टरांनी हे औषध लिहून देण्याची घाई करू नये.