ओझोनच्या वहीतली धूळ

जुन्या जमाखर्चाच्या वहीत इतिहासाचा अभ्यासक कारकुनाच्या मनात नसलेलेही वाचतो. धान्याचे भाव चढले, सारा माफ झाला, एवढ्या नोंदींवरून त्याला दुष्काळ कळतो. कारकुनाला मात्र दुष्काळाचा इतिहास लिहायचा नव्हता. वणव्यांचा धूर आणि वाळवंटातली धूळ यांचा माग उपग्रहांनी कसा काढला, हे मी शोधू लागलो, तेव्हा त्यातले एक अत्यंत मोलाचे दफ्तर असेच दुसऱ्या कामासाठी लिहिलेले निघाले.

उपग्रहांपूर्वी या प्रवासाची बहुधा टोकेच दिसत. १८३२च्या जानेवारीत केप व्हर्दे बेटांजवळ ‘बीगल’ जहाजावर पडलेली बारीक तपकिरी धूळ डार्विनने गोळा केली. ती आफ्रिकेतून येते, हे त्याने वाऱ्याच्या दिशेवरून आणि इतर जहाजांच्या नोंदींवरून ताडले. २६ सप्टेंबर १९५० रोजी स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला. पश्चिम कॅनडातल्या चिंचागा वणव्याचा धूर अटलांटिक ओलांडून तिथवर पोहोचला होता. त्याची वाट मात्र तुटक नोंदींवरून जुळवावी लागली.

ऑक्टोबर १९७८मध्ये अमेरिकेने ‘निंबस-७’ हा उपग्रह सोडला. त्यावरचे ‘टॉम्स’ हे उपकरण परतणारे अतिनील किरण मोजून ओझोनचा हिशेब ठेवी. ओझोन फारसा शोषत नाही अशा काही तरंगलांबीही त्यात होत्या. जमीन आणि ढग किती किरण परत पाठवतात, हे त्यांवरून कळे. निर्मळ हवेत या तरंगलांबींचे परस्परप्रमाण ठरलेले असते. उंचावर धूर किंवा धूळ असली, की ती खालून विखरून येणारे किरण शोषते आणि हे प्रमाण बिघडते. १९९०च्या दशकात नासातल्या जे हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हा बिघाडच मोजायला घेतला.

त्याचा फायदा मोठा होता. साध्या छायाचित्रात पिवळ्या वाळूवरची पिवळी धूळ ओळखणे कठीण. अतिनील किरणांत वाळवंटही काळसर दिसते, त्यामुळे धूळ उठून दिसते. पांढरे ढग हे किरण फारसे शोषत नाहीत, म्हणून धूर त्यांच्यापासून वेगळा काढता येतो. १९७८ ते १९९३ या काळातली मोजमापे जपून ठेवलेली होती. होऊन गेलेली वादळे आणि विझलेले वणवे त्यांतून पुन्हा वाचता आले.

पुढे २००२मध्ये जोसेफ प्रॉस्पेरो आणि सहकाऱ्यांनी याच दफ्तरावरून जगभरच्या धुळीची उगमस्थाने नोंदवली. तोवर मोघमपणे ‘सहारा’ म्हटल्या जाणाऱ्या धुळीला नेमके पत्ते मिळाले: कोरड्या पडलेल्या सरोवरांचे तळ, सखल खोरी, चाड देशातला बोदेले खोलगट प्रदेश. २००६मध्ये गेलेल्या ‘कॅलिप्सो’ने लेझरच्या साह्याने धुळीची उंचीही मोजली. त्यावरून आफ्रिकेतून वर्षाला सुमारे १८ कोटी टन धूळ अटलांटिककडे निघते आणि त्यातली पावणेतीन कोटी टनांच्या आसपास अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडते, असा अंदाज बांधला गेला.

आपल्याकडे २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत दिवसभर पांढुरके धूसर वातावरण होते आणि गाड्यांवर पूड साचली. पाकिस्तानकडून गुजरातमार्गे धुळीचे वादळ आले होते. उपग्रहचित्रांमुळे अशा धुळीचा माग लागतो. पण टॉम्सच्या पद्धतीला जमिनीलगतची धूळ नीट दिसत नाही. दादरच्या पदपथावर चालणाऱ्याच्या छातीत किती गेली, हे सांगायला जमिनीवरचीच यंत्रे हवीत. वरची वही धुळीचा पत्ता सांगते, खालची तिची मात्रा.

म्हणून मला वाटते, या दोन्ही वह्या सलग लिहिल्या जाणे आणि जपल्या जाणे महत्त्वाचे. टॉम्सची मोजमापे ओझोनचे काम झाल्यावर कोणी टाकून दिली असती, तर त्या वर्षांतला धूर कायमचा हरवला असता.