शाई, मोडी आणि नवें यंत्र

मराठी प्रकाशकांपुढें नवें यंत्र येऊन उभें राहण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापाचा छापखाना काढून १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें, तेव्हां जुन्या वळणाच्या लोकांस गणिताविषयीं शंका आली नाहीं. शंका आली ती शाईविषयीं. शाईंत जनावराची चरबी, मग असलें पंचांग देवघरांत कसें न्यावें? गणपत कृष्णाजींनीं वाद घातला नाहीं. चरबीऐवजीं तूप घालून शाई केली आणि धंदा चालू ठेवला. व्यापारी माणसाचें हें शहाणपण मला फार आवडतें.

परंतु लोकांचें लक्ष शाईकडे असतां दुसरीच वस्तु हातची जात होती, ती मोडी. घरचा हिशेब, दरबारी कागद, खासगी पत्र, सर्व मोडींत चाले. विल्यम केरी यांनीं श्रीरामपुरास १८१० सालीं मराठी कोश छापला, तोही मोडी खिळ्यांनींच. पण मोडीचीं अक्षरें एकमेकांत गुंतणारीं, त्यांचें वळण लिहिणाऱ्यागणिक निराळें. बाळबोध खिळे त्या मानानें सोयीचे, शिवाय संस्कृत ग्रंथांसही तेच चालत. छापखान्यांनीं बाळबोध पत्करली. मोडीविरुद्ध कोणी ठराव केला नव्हता. आज पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तराचे लक्षावधि मोडी कागद आहेत, आणि ते सरसर वाचणारीं माणसें मोजकीं.

आतां कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट घ्या. बोलणाऱ्यांच्या संख्येनें मराठी लहान नव्हे. २०११ च्या जनगणनेंत ही मातृभाषा सांगणारे ८ कोटि ३० लाख निघाले. ग्रंथांचा बाजार मात्र लहान. हें दुखणेंही जुनें. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांनीं १८७८ सालीं पुण्यांत ग्रंथकारांची सभा भरविली, ती मराठी ग्रंथांस उत्तेजन कसें मिळेल याच विवंचनेंतून. आवृत्ति हजाराच्या आसपास प्रतींची, आणि तेवढ्यांत भाषांतरकार व मुद्रितें तपासणारा यांचा मोबदला बसवावयाचा. अशा प्रकाशकास घटकाभरांत भाषांतर करून देणाऱ्या यंत्राचा मोह पडला, तर त्यास एकदम लोभी म्हणवत नाहीं.

प्रकाशकांची जाहीर तक्रार आहे ती हक्कांची. ए.एन.आय. या वृत्तसंस्थेनें २०२४ सालीं ओपन-एआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लावला. जानेवारी २०२५ मध्यें भारतीय प्रकाशकांचा महासंघही त्यांत उतरला. ग्रंथ विनापरवाना यंत्रास पढविले जातात, हें त्यांचें म्हणणें. तक्रार रास्त आहे. तथापि दाव्याचा निकाल कसाही लागो, मराठीचें नुकसान निराळ्याच दाराने होईल अशी मला भीति वाटते. नवशिका भाषांतरकार साध्या पुस्तकांवर हात बसवितो. तीं पुस्तकें यंत्राकडे गेलीं तर तो शिकणार कोठें? शिवाय यंत्र शिकतें तें लिहिलेल्या मजकुरावर, आणि अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी या बोलींत लिहिलेला मजकूर थोडाच. म्हणजे मोडीप्रमाणें त्याही, कोणी ठराव न करितां, बाजूस राहतील.

त्यांतही एक मौज अशी, कीं २०२५ सालीं रुरकी येथील आय.आय.टी.च्या संशोधकांनीं मोडी कागद वाचून बाळबोधींत उतरविणारें यंत्र सिद्ध केलें. त्याला पढविण्यासाठीं दोन हजारांहून अधिक मोडी लेखांचीं छायाचित्रें लागलीं, आणि प्रत्येकाचें बाळबोध लिप्यंतर मोडी जाणणाऱ्या माणसांकडून तपासून घ्यावें लागलें.